जात-धर्माचा रकाना व आमचे ख्रिस्ती बंधु

मध्यंतरीं एका बुधवारीं आम्हांस मुंबईस माहीम येथें जाण्याचा योग आला. तेथील सेंट मायकेलच्या देवळांत दर बुधवारीं मरियामातेचा नोव्हेना होतो. ही वहिवाट १९४८ सालापासूनची आहे. रांग रस्त्यापर्यंत येते. मेणाचा हात, मेणाचा पाय, मेणाचें घर, ज्याचें जें दुखणें किंवा जी आशा, ती आकृति विकत घेऊन तो मातेपुढें ठेवतो. रांगेंत कोळिणी होत्या, ठसठशीत कुंकू लावलेल्या बाया होत्या, बुरखा घेतलेली एक म्हातारीही होती. दारावर कोणी कोणाचा धर्म विचारीत नव्हतें. आमच्या इकडच्या कित्येक देवळांविषयीं एवढें म्हणण्याची अद्याप सोय नाहीं. असो.

आम्ही गेलों होतों तें नवस करावयास नव्हे. आमचा एक जुना विद्यार्थी माहीमला राहतो, त्यानें पत्र पाठवून बोलाविलें होतें. त्याचे पणजे जुन्या नगर जिल्ह्यांतील महारवाड्यांत ख्रिस्ती झाले. आज त्याची मुलगी अकरावीच्या प्रवेशाला बसली आहे. त्यानें आमच्यापुढें दोन कागद ठेवले. एक मुलीच्या बाप्तिस्म्याचा दाखला. दुसरा त्याचा स्वतःचा शाळा सोडल्याचा दाखला, त्यांतील धर्म व जात या रकान्यांत 'हिंदु महार' असें लिहिलेलें. अक्षर आमचें होतें.

"गुरुजी, आतां तुम्हीच सांगा, ह्यांतला कोणता फाडूं?" असें तो म्हणाला.

पंचविसांहून अधिक वर्षें झालीं असतील, पण तो दिवस आम्हांस चांगला आठवतो. नोकरीचें पहिलेंच वर्ष होतें. याचे वडील ऊसतोडीवर हिंडणारे. मुलगा नऊ वर्षांचा होईपर्यंत त्यानें शाळेचें तोंड पाहिलें नव्हतें. नांव, गांव, जन्मतारीख झाली आणि आम्ही धर्माच्या रकान्यापाशीं आलों. त्या गृहस्थाच्या सदऱ्याच्या आंत गळ्यांत काळ्या दोऱ्याला क्रूस होता, तो आम्हांस दिसत होता. त्यानें टोपी हातांत घेतली, बराच वेळ खालीं पाहिलें आणि म्हणाला, "गुरुजी, पोराचं कल्याण हुईल ते लिवा." आम्हीं लिहिलें. ट्रेनिंग कॉलेजांत आम्हांस रजिस्टरांत खाडाखोड करूं नये एवढें शिकविलें होतें. खरें लिहिल्यानें ज्याच्या ताटांतली भाकरी जाते, त्याच्या रकान्यांत काय लिहावें, हें कोणीं शिकविलें नव्हतें.

आतां या रकान्याचें मूळ पाहूं. १९५० च्या ऑगस्टांत राष्ट्रपतींनीं अनुसूचित जातींविषयींचा हुकूम काढला. त्याच्या तिसऱ्या कलमानें ठरलें कीं, हिंदु धर्माखेरीज दुसरा धर्म पाळणाऱ्यास अनुसूचित जातीचा समजूं नये. १९५६ सालीं त्यांत शिखांचा समावेश झाला. त्याच वर्षीं नागपुरास बौद्ध झालेल्या आमच्या लाखों बंधूंना मात्र केंद्राच्या सवलतींसाठीं १९९० पर्यंत, म्हणजे चौतीस वर्षें, थांबावें लागलें. ख्रिस्ती व मुसलमान बाहेर राहिले ते राहिलेच. रंगनाथ मिश्र आयोगानें २००७ सालीं सरकारास सांगितलें कीं, जातीचा हा दर्जा धर्माशीं बांधूं नका. पुढें २०२२ सालीं त्याच प्रश्नावर माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आणखी एक आयोग नेमण्यांत आला. आयोगावर आयोग बसविण्यांत आमचीं सरकारें मोठीं तरबेज आहेत.

कोणी म्हणेल, ख्रिस्ती धर्मांत जातच नाहीं, मग सवलत कशाची मागतां? मद्रासकडील एका ख्रिस्ती चांभारास हेंच ऐकावें लागलें. रस्त्याकडेला बसून जोडे शिवणाऱ्यांस सरकारनें टपऱ्या वाटल्या, त्या हिंदु चांभारांस मिळाल्या, यास मिळाली नाहीं. १९८५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, धर्मांतरानंतरही जातीचा जाच तसाच राहतो याचा पुरेसा पुरावा पुढें आलेला नाहीं. आम्ही न्यायालयाचा मान ठेवूनच विचारतों, हाच जोडा शिवणारा हात बाप्तिस्म्याच्या पाण्यानें सवर्णाच्या नजरेंत शुद्ध झाला काय? आमच्या गांवच्या पाटलानें आजवर कोणाचा बाप्तिस्म्याचा दाखला मागून मग त्यास ओसरीवर बसविलें, असें आमच्या पाहण्यांत नाहीं. गांव जात विसरत नाहीं, फक्त सरकार विसरतें, आणि तेंही देण्याच्या वेळीं.

अशा ख्रिस्ती मनुष्यास आमच्या राज्यांत इतर मागास वर्गांत बसवितात, हें खरें. परंतु त्याला जातीवरून शिवीगाळ झाली, मारहाण झाली, तर १९८९ च्या अत्याचार-प्रतिबंधक कायद्याचा आधार त्याला नाहीं. ग्रामपंचायतींत अनुसूचित जातीसाठीं जागा राखीव निघाली, तर त्याचा हिंदु वा बौद्ध चुलतभाऊ उभा राहतो आणि हा मात्र पाहत बसतो. आळी तीच आणि आडनांवही तेंच!

२०२४ च्या नोव्हेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें पुदुच्चेरीच्या एका बाईचा दावा फेटाळला. ती देवळांत जाई, तिचा बाप्तिस्मा झाला होता, आणि नोकरीसाठीं तिनें हिंदु अनुसूचित जातीचा दाखला मागितला होता. केवळ राखीव जागेसाठीं धर्माचें नांव सांगणें ही राज्यघटनेशीं प्रतारणा होय, असें न्यायालय म्हणालें. श्रद्धेचा मुखवटा करूं नये हें आम्हांसही मान्य आहे. परंतु देवळांत गेल्याखेरीज करमत नाहीं आणि कागदावर तें कबूल केल्यास मूल मागें पडतें, अशा कोंडींत मनुष्यास घालून वर त्यासच लबाड म्हणावें, हा कोठला न्याय? बाबा पदमनजी जातीचे कासार. १८५४ सालीं ते ख्रिस्ती झाले आणि घरदार, सगेसोयरे त्यांस दुरावले. त्या काळीं सत्य बोलण्याचा दंड जातभाई वसूल करीत. आज तो सरकारी कारकून वसूल करतो.

पाद्रीसाहेबांसही दोन शब्द ऐकवले पाहिजेत. भारतांतील कॅथलिक बिशपांच्या परिषदेनें २०१६ सालीं दलितांविषयीं धोरण प्रसिद्ध करून, चर्चमध्यें भेदभाव चालतो हें कबूल केलें. कबुली देण्यास धैर्य लागतें, त्याबद्दल आम्ही त्यांचें अभिनंदन करतों. पण तमिळनाडूंत तिरुचिरापल्लीच्या एका ख्रिस्ती दफनभूमींत दलितांचीं थडगीं निराळीं ठेवणारी भिंत वर्षानुवर्षें उभी राहिली, ती कोणा भटानें बांधली नव्हती. २०२३ च्या जानेवारींत माहीमच्या या देवळाच्या दफनभूमींतले क्रूस कोणीं मोडले, तेव्हां बोभाटा झाला, पोलिसांनीं एका इसमास पकडलें, आणि तें योग्यच झालें. बाहेरच्यानें मोडलेला क्रूस सर्वांना दिसतो. घरच्यांनीं बांधलेल्या भिंतीची तक्रार कोणत्या चौकींत द्यावी?

आणि आमची चळवळ? बौद्ध बंधूंच्या हक्कासाठीं आपण बोललों. ख्रिस्ती बंधूंचें नांव निघालें कीं आपल्यांतलेच कांहीं जण कुजबुजतात, भाकरी तेवढीच आणि खाणारीं तोंडें वाढतील. ही भीति आम्ही पोकळ म्हणत नाहीं. मग संख्येप्रमाणें भाकरी वाढवून मागा. भावाला पंगतींतून उठविणें हा त्यावर उपाय नव्हे. जोतीरावांचें 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' १८९१ सालीं, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालें. त्यांत एकाच घरांतील माणसांनीं आपापल्या बुद्धीस पटेल तो धर्म घ्यावा, कोणी बौद्ध, कोणी ख्रिस्ती, कोणी महंमदी व्हावें, आणि तरी सर्वांनीं गोडीनें एकत्र नांदावें, असें त्यांनीं लिहून ठेविलें आहे. जोतीरावांचें घर उभें राहिलें, तर त्यांतल्या एका लेंकराला तहशीलदार दाखला देईल आणि दुसऱ्याला परत पाठवील. हें कलम निघालें पाहिजे, ही मागणी पाद्र्यांवर सोडून चालणार नाहीं. ती आपल्या सभांतून, आपल्या ठरावांतून आली पाहिजे.

माहीमच्या त्या खोलींत हें सर्व बोलणें चाललें असतां मुलगी दारांत उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "गुरुजी, बाबांच्या दाखल्यावर मला जागा मिळेल. पण बुधवारीं रांगेंत मला कोणीं ओळखलं, तर मी तोंड लपवायचं का?" आई लगेच म्हणाली, "तुझं तोंड पाहून फी माफ होत नाही." दोघींचेंही खरें होतें. पंधरा वर्षांच्या पोरीस खोटें लिही असें सांगावयास आमची जीभ वळेना, आणि खरें लिही असें सांगून त्याची किंमत तिच्याकडून घ्यावयास लावण्याचा आम्हांस अधिकार नव्हता. आम्ही चहा घेऊन उठलों.

परत आल्यावर त्या गृहस्थास पत्र लिहिलें कीं, शाळेच्या रजिस्टरांतील ती नोंद बदलण्यासाठीं अर्ज करण्याचें तुम्हीं ठरविल्यास, ती कोणत्या प्रसंगीं व कोणाच्या हातून झाली, हें लिहून देण्यास आम्ही तयार आहों. त्याचें उत्तर अद्याप आलेलें नाहीं.