‘कॉपी’चे पैसे नेमके कशाचे?

‘कॉपी’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? परीक्षेचा हॉल, बाकाखालची चिठ्ठी आणि दारात उभं असलेलं स्क्वॉड! फार तर गेटबाहेरचे झेरॉक्सवाले काका. मलाही हेच माहीत होतं. सुट्टीत पुण्यातल्या एका छोट्या जाहिरात एजन्सीत सहा आठवडे काम केलं तेव्हा कळलं, की तिथे ‘कॉपी’ म्हणजे जाहिरातीतला मजकूर. तो लिहिणारा कॉपीरायटर, आणि त्याचे पैसे म्हणजे कॉपी चार्जेस.

हे ज्ञान मला जरा महागात पडलं.

मला घेतलं होतं वेबसाइटच्या कामाला. पण ‘इंजिनिअरिंगची मुलगी आहे, एक्सेल येत असणारच’ म्हणून पहिल्याच आठवड्यात बिलांच्या शीट माझ्या गळ्यात पडल्या. त्यात एक बिल होतं घरगुती मसाले बनवणाऱ्या एका बाईंचं. सहा मसाल्यांची लेबलं आणि एक माहितीपत्रक. डिझाइन १८,००० रुपये, कॉपी २,५०० रुपये आणि ‘प्रिंटआऊट व डमी’ – ए-थ्री कलर, ४३ नग, दर ८० रुपये, एकूण ३,४४० रुपये. मी आकडे भरले, बेरीज केली, पाठवून दिलं.

दोन दिवसांनी बाई स्वतः ऑफिसात हजर! सर बाहेर गेलेले, म्हणून त्या माझ्याच टेबलाशी आल्या. त्यांचा पहिला प्रश्न, “कॉपीचे अडीच हजार लावलेत आणि प्रिंटचे पुन्हा वेगळे साडेतीन हजार? एकाच झेरॉक्सचे दोनदा पैसे कसे गं?” मी ‘कॉपी म्हणजे मजकूर’ वगैरे समजावलं. त्या हसल्या. मग शांतपणे म्हणाल्या, “बरं. पण मला तर बारा कागद दाखवले होते. हे त्रेचाळीस कुठून आले?”

मला उत्तर देता आलं नाही. “सर आले की सांगते मॅडम,” एवढंच म्हटलं. त्यांनी पैसे भरले. वाद न घालता भरले, हेच मला जास्त लागलं.

नंतर मी प्रिंटरजवळची नोंदवही काढून बघितली. ४३ कागद खरोखरच निघाले होते, खोटा आकडा नव्हता. १२ बाईंना दाखवले. १४ ऑफिसातल्या आपापसातल्या चर्चेसाठी. ८ मिरचीचा लाल रंग नारिंगी येत होता म्हणून. आणि ९ कागद ‘हळद’ची ‘हाळद’ छापली गेली म्हणून पुन्हा काढलेले! म्हणजे आमच्या चुकीच्या नऊ कागदांचे पैसेही त्यांच्याच बिलात.

आता दराकडे बघू. इथे मात्र मी एजन्सीची बाजूही मांडणार, कारण ‘कागद पाच रुपयांचा, मग ८० रुपये कसले?’ हा प्रश्न अर्धवट आहे. प्रिंटची किंमत म्हणजे कागदाची किंमत नव्हे. मशीन भाड्याने घेतलं असेल तर भाडं द्यावं लागतं. शिवाय प्रत्येक छापामागे ‘क्लिक’चा वेगळा आकार असतो आणि ए-थ्रीच्या बहुतेक वेळा दोन क्लिक मोजल्या जातात. त्यावर काही कागद अडकून फाटतात, मशीनशी उभ्या असलेल्या मुलाचा पगार असतो. तिथला हिशेब मी असा मांडला : आर्ट पेपर ५, क्लिक १२, भाड्याचा वाटा ६, वाया जाणारे कागद आणि मुलाचा वेळ ५. एकूण २८ रुपये. बाहेर डिजिटल प्रेसवाला तोच छाप ३५ ला देत होता. त्यात त्याचा नफा आला. आमचा दर ८०!

एकाहून अनेक प्रती काढून प्रतीमागे पैसे लावायचे, ही पद्धत यंत्राबरोबरच आलेली आहे. चेस्टर कार्लसनने २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टोरिया भागात पहिली कोरडी प्रत काढली. तिचं बाजारात चाललेलं यंत्र, झेरॉक्स ९१४, यायला १९५९ साल उजाडलं. (९ बाय १४ इंचापर्यंतचा कागद चालतो म्हणून ९१४!) यंत्र इतकं महाग होतं की ते भाड्याने दिलं जायचं. महिन्याला ठरावीक प्रती भाड्यात, पुढच्या प्रत्येक प्रतीचे वेगळे सेंट. त्यासाठी यंत्रावर मीटरच होता. म्हणजे प्रत मोजायची सोय पहिल्यापासून आहे. आजच्या मशीनमध्ये तर प्रत्येक कामाला कोड देता येतो, कुठल्या ग्राहकासाठी किती छाप निघाले ते मशीनच सांगतं. तेव्हा ‘एवढा हिशेब कोण ठेवणार?’ ही सबब आपण इंजिनिअर लोकांनी तरी मान्य करू नये.

मी धीर करून सरांना विचारलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, “डिझाइनचे १८ हजार सांगितले की लोक म्हणतात, माझा भाचा कोरेलमध्ये फुकट करून देतो. कॉपीचे पाच हजार सांगितले तर म्हणतात, चार ओळींना पाच हजार? पण प्रिंटच्या आकड्यावर कोणी घासाघीस करत नाही. कागद हातात दिसतो ना!”

मंडळी, हे वाक्य मी अजून विसरलेले नाही. कारण मी नंतर गणित केलं. चुकीचे ९ कागद वगळून ३४ कागद, प्रत्येकी २८ रुपये, म्हणजे ९५२. घेतले ३,४४०. फरक २,४८८ रुपये. आणि कॉपीचे लावले होते २,५००! म्हणजे कॉपीरायटरच्या डोक्याचे खरे पाच हजार होते, त्यातले अडीच उघड लावले आणि उरलेले अडीच कागदाच्या नावाने काढले.

असं का होतं, याला एक जुनं कारणही आहे. जाहिरात एजन्सीचा धंदा मुळात वर्तमानपत्रांच्या जागा विकण्यातून वाढला. जाहिरातीचा दर १०० असेल तर एजन्सी वर्तमानपत्राला ८५ देणार आणि १५ आपल्याकडे ठेवणार, हे १५ टक्के कमिशन आपल्या देशातही वर्षानुवर्षं चाललं. त्या काळात मजकूर, चित्र, कल्पना हे सगळं कमिशनच्या पोटात जायचं, ग्राहकाला ‘फुकट’ वाटायचं. बाहेरून करून आणलेल्या छपाईवर एजन्सी १७.६५ टक्के चढवायची, तेही याच हिशेबाने. कारण ८५ वर १५ म्हणजे १७.६५ टक्के. पुढे ग्राहकांनी कमिशन कमी करायला लावलं आणि एजन्सींना कामाची फी मागायची वेळ आली. पण विचाराचे पैसे द्यायची सवय ग्राहकाला नव्हती आणि मागायची हिंमत एजन्सीला नव्हती. मग आला कागद मदतीला!

हा प्रश्न फक्त जाहिरातवाल्यांचा आहे असंही नाही. अमेरिकेतले वकील अशिलांना ऑफिसातल्या झेरॉक्सचे वाट्टेल ते पैसे लावत, म्हणून तिथल्या अमेरिकन बार असोसिएशनने १९९३ साली एक लेखी मत दिलं (क्रमांक ९३-३७९). त्याचा आशय सरळ आहे : आधी ठरलं नसेल तर ऑफिसातल्या प्रतींचा प्रत्यक्ष खर्च आणि त्याच्याशी थेट जोडलेला वाजवी वरखर्च, उदाहरणार्थ मशीनवरच्या माणसाचा पगार, एवढंच लावा. वकिलाने कायद्याचं ज्ञान विकावं, कागद विकून कमाई करू नये. मला हा नियम फार आवडला. तो ‘फुकट द्या’ म्हणत नाही आणि ‘लुटा’ही म्हणत नाही.

मोठ्या पातळीवरही ‘घरचंच काम’ हा संशयाचा विषय झाला आहे. डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकेत बातमी आली, की सरकारचं न्याय खातं जाहिरात एजन्सींची चौकशी करतंय. संशय असा, की फिल्मचं काम आपल्याच इन-हाऊस विभागाला मिळावं म्हणून बाहेरच्या निर्मात्यांकडून मुद्दाम फुगवलेले दर मागवले जात होते. २०१८ मध्ये कोणावरही आरोप न ठेवता ती चौकशी बंद झाली, हेही सांगायला हवं. पण विकणारा आणि दर तपासणारा एकच असला की असा संशय येणारच.

आपल्याकडचा जीएसटीचा नियमही इथे बोलका आहे. ग्राहकाच्या वतीने तिसऱ्याला दिलेले पैसे ‘प्युअर एजंट’ म्हणून कराच्या हिशेबातून वगळता येतात (सीजीएसटी नियम ३३). पण त्यासाठी ग्राहकाची परवानगी हवी, बिलात ते वेगळे दाखवायला हवेत आणि जेवढे दिले तेवढेच घ्यायला हवेत. ऑफिसातल्या मशीनवरच्या प्रिंटला तिसरा कोणी नसतोच. म्हणजे ती ‘खर्चाची भरपाई’ नाही, ती एजन्सीने स्वतः केलेली विक्री आहे. मग विक्री म्हणूनच दाखवा ना! दरपत्रक द्या, नफा घ्या, पण आधी सांगा.

तुम्ही म्हणाल, ही बाई फार शहाणपणा शिकवतेय. थांबा, आता माझाच हिशेब सांगते.

आमच्या रूमवर मी आणि रूममेटने मिळून एक लेसर प्रिंटर घेतलाय. १२ हजारांचा. कागदाचं रीम २८० रुपयांना, म्हणजे पानाला ५६ पैसे. टोनर रीफिल ३५० रुपयांत साधारण १,५०० पानं, म्हणजे २३ पैसे. (डब्यावरचा आकडा पानावर ५ टक्केच शाई धरून दिलेला असतो, काळे ग्राफ छापले की तो कोसळतो!) प्रिंटर २० हजार पानं चालेल असं धरलं तर ६० पैसे. एकूण १ रुपया ३९ पैसे. आम्ही २ रुपये घेतो. इथपर्यंत ठीक.

पण झेरॉक्सवाले काका रात्री साडेनऊला शटर ओढतात आणि सबमिशनच्या आदल्या रात्री अख्खा मजला आमच्या दारात असतो. गेल्या सेमिस्टरला त्या रात्री आम्ही ५ रुपये लावले. एक ज्युनिअर ६२ पानांचा रिपोर्ट घेऊन आली. “ताई, किती?” तिने विचारलं. “काढ गं, हिशेब नंतर करू,” मी म्हणाले. सकाळी ३१० रुपये सांगितले. तिने दिले. जाताना एवढंच म्हणाली, “ताई, आधी सांगितलं असतंत तर मी बॅक टू बॅक काढलं असतं.”

सुट्टीत एजन्सीत बाईंच्या समोर बसले तेव्हा मला हीच मुलगी आठवली. बाईंनाही आधी सांगितलं असतं, तर त्या म्हणाल्या असत्या, ‘बारा कशाला, स्क्रीनवर दाखवा, शेवटचे सहा छापा.’ दर लपवला की समोरच्याचे नुसते पैसे जात नाहीत, त्याची निवड करायची संधी जाते. माझ्या मते खरा अन्याय तो आहे. ८० रुपयांचा दर आधी सांगितला तर तो महाग दर. नंतर सांगितला तर ती फसवणूकच म्हणायची, मग आकडा कितीही खरा असो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. एक, प्रिंटचा दर एस्टिमेटमध्येच लिहावा आणि किती नगांपुढे विचारल्याशिवाय जाणार नाही तेही लिहावं. दोन, स्वतःच्या चुकीचे कागद स्वतःच्या खिशातून. तीन, किरकोळ प्रिंट असतील तर वेगळे लावूच नयेत, फीमध्ये धरावेत. दहा रुपयांच्या कागदाचा हिशेब ठेवायला वीस रुपयांचा वेळ जातो. आणि चार, सगळ्यात अवघड : डोक्याचे पैसे डोक्याच्याच नावाने मागावेत. उद्या आपणही ड्रॉइंग, कोड, डिझाइन विकणार आहोत. आपल्या विचाराची किंमत सांगायची आपल्यालाच लाज वाटली, तर आपणही कागद विकत बसू.

त्या बाईंचं काय झालं? मी सरांना नऊ कागदांचे ७२० रुपये परत करायला सुचवलं. ते म्हणाले, “पुढच्या बिलात बघू.” माझे सहा आठवडे संपले तोवर पुढचं बिल आलं नव्हतं.

ज्युनिअरचे १८६ रुपये मात्र हॉस्टेलवर परत आल्याबरोबर दिले. “कशाचे ताई?” म्हणाली. आता आमच्या दारावर दर लिहिलेला कागद आहे : दिवसा २ रुपये, रात्री दहानंतर ३ रुपये, बॅक टू बॅक आधी विचारा. धंदा थोडा कमी झालाय. रूममेट कुरकुर करते. तिला हा लेख वाचायला देणार आहे. प्रिंट काढून, माझ्या खर्चाने!