मध्येच सोडिलेले आसन

लोकप्रतिनिधीने मुदत संपण्यापूर्वी आपले पद सोडावे काय, हा प्रश्न वरवर पाहता राजधानीतील थोरामोठ्यांचा वाटतो. परंतु कोशाच्या वस्त्रांसाठी ओळखल्या जाणाऱ्या आमच्या आंधळगावास त्याचा प्रत्यक्ष अनुभव आलेला आहे. म्हणून विद्यार्थ्यांनी व पालकांनी त्याचा विचार करावा, अशी आमची इच्छा आहे.

श्री. नाना पटोले यांचा सार्वजनिक जीवनक्रम भंडारा जिल्हा परिषदेपासून सुरू झाला. 1999 साली ते लाखांदूरमधून विधानसभेवर गेले. आंधळगाव तुमसर मतदारसंघात मोडते. तरी 2014 साली ज्या भंडारा-गोंदिया मतदारसंघाने त्यांस लोकसभेत पाठविले, त्यात आमचे गाव होतेच. पुढे 2017 च्या डिसेंबरात, आपल्याच पक्षाचे सरकार शेतकऱ्यांची उपेक्षा करिते असे म्हणून, त्यांनी राजीनामा दिला.

सत्ताधारी पक्षातील आसन सोडणे ही सामान्य गोष्ट नव्हे, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करितो. पण ते आसन होते कोणाचे? धानाचा शेतकरी ज्याच्या तोंडाने दिल्लीत बोलणार होता, तोच परत आला. आणि जवळजवळ सहा महिने दोन जिल्ह्यांस लोकसभेत कोणी उरले नाही. 28 मे 2018 रोजी पोटनिवडणूक झाली. विदर्भातील मे महिन्याचे ऊन आम्ही कोणास सांगावे! यंत्रांतील बिघाडामुळे 49 केंद्रांवर 30 मे रोजी पुन्हा मतदान घ्यावे लागले. तुमसरचे माजी आमदार श्री. मधुकर कुकडे निवडून आले खरे, पण त्यांच्या वाट्यास जेमतेम एक वर्ष आले.

पुढे साकोलीचे आमदार या नात्याने श्री. पटोले 1 डिसेंबर 2019 रोजी विधानसभेचे अध्यक्ष झाले. तेही पद त्यांनी 4 फेब्रुवारी 2021 रोजी, पक्षाचे प्रांताध्यक्षपद स्वीकारण्याकरिता, सोडिले. नवे अध्यक्ष 3 जुलै 2022 रोजी निवडले गेले. तोवर उपाध्यक्षांनीच काम चालविले. या दुसऱ्या राजीनाम्याचे समर्थन आम्हांस करवत नाही. पहिल्यात निदान शेतकऱ्याचे नाव होते.

राजीनामा देणाऱ्याने आधी गावोगावच्या मतदारांस विचारावे, असा कायदा नाही. तरी त्याने विचारावे, असे आमचे मत आहे. 2024 साली साकोलीत श्री. पटोले अवघ्या 208 मतांनी विजयी झाले. इतकी माणसे तर आमच्या प्रार्थनेच्या वेळी एका पटांगणात उभी राहतात.