कोणते तळेगाव?

चाकणच्या चौकात तळेगावची वाट विचारली, तर समोरचा आधी उलट विचारतो, कोणते तळेगाव? पश्चिमेला मावळात तळेगाव दाभाडे, आग्नेयेला शिरूर तालुक्यात शिक्रापूरजवळ तळेगाव ढमढेरे. तळेगाव–चाकण–शिक्रापूर हा एकच रस्ता धरून दोन्हीकडे जाता येते, फक्त तोंड कुठे करायचे ते ठाऊक हवे. ऑनलाइन नकाशावर नुसते ‘तळेगाव’ टाकले, तर वर्धा जिल्ह्यातले किंवा संगमनेरकडचे तळेगावही हजर होऊ शकते. हा घोळ ट्रकचालकाला नडतो. इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकाच्या मात्र तो पथ्यावर पडावा, असे माझे म्हणणे आहे.

महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी 2000 साली सुरू झाले. निर्णय घेणारे शिक्षणमंत्री प्रा. रामकृष्ण मोरे इथूनच जवळच्या पिंपरी-चिंचवडचे. चिंचवडचे नाट्यगृह त्यांच्या नावाने ओळखले जाते. इंग्रजी लवकर आले, पण वर्गात ते बरेचदा पाठ केलेल्या उत्तरांपुरते राहिले. कारण साधे आहे. शिक्षक जे विचारतो, त्याचे उत्तर त्यालाही ठाऊक असते आणि मुलालाही. मग बोलायची गरजच काय? सारख्या नावाची दोन गावे समोर ठेवली, की ही गरज आपोआप निर्माण होते. कोणते, हे सांगितल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. आणि सांगायला गेले, की नेमके तेच व्याकरण लागते जे मराठी मुलांना अडते. ‘चाकणच्या पश्चिमेला’ म्हणताना चाकण आधी येते, ‘टू द वेस्ट ऑफ चाकण’ म्हणताना ते शेवटी जाते. मराठीत ‘पेक्षा’ लावले की विशेषण जागचे हलत नाही. इंग्रजीत ‘ड्राय’चे ‘ड्रायर’ करावे लागते. नदीच्या नावाआधी ‘द’ हवा, गावाच्या नावाआधी नको. हे नियम फळ्यावर लिहून कोरडे राहतात, दोन तळेगावांजवळच्या इंद्रायणी आणि वेळ या नद्या नकाशावर शोधताना ते कामाला लागतात.

शिवाय ही जोडी भूगोलाच्या दृष्टीने भरघोस आहे. सह्याद्री ओलांडताना ढग बरेचसे पाणी मावळात टाकतात आणि शिरूरपर्यंत पोहोचताना हलके झालेले असतात. म्हणजे ‘बिकॉज’ वापरायला खरेखुरे कारण मिळाले. दाभाड्यांच्या तळेगावला मुंबई–पुणे लोहमार्गावरचे स्थानक आहे, ढमढेऱ्यांच्या तळेगावला रेल्वे नाही. ‘व्हेअरॅज’ची सोय झाली. एका बाजूला 1908 पासूनचा पैसा फंडाचा काच कारखाना आणि आता जनरल मोटर्सकडून ह्युंदाईकडे गेलेला मोटारींचा प्रकल्प, दुसऱ्या बाजूला हाकेच्या अंतरावर शिक्रापूर-सणसवाडीचे कारखाने. इथे ‘बोथ’ म्हणावे लागते. आणि दोन्ही गावांना आडनाव का जोडले? सरदार घराण्यांमुळे. खंडेराव दाभाड्यांना शाहू महाराजांनी 1717 साली सेनापतिपद दिले होते. एका प्रश्नातून इतिहासही हाती लागतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो वजनदार आहे: भूगोल मातृभाषेतच कळतो, तो इंग्रजीत ओढला तर दोन्ही पातळ होतील. आशय आणि भाषा एकत्र शिकवण्याच्या पद्धतीला युरोपात 1994 पासून ‘क्लिल’ हे नाव मिळाले, आणि तिच्यावरही ही शंका घेतली जाते. ती मला मान्य आहे. म्हणूनच पर्जन्यछाया आधी मराठीतच समजवावी; कळलेली गोष्ट दुसऱ्या भाषेत सांगणे एवढेच इंग्रजीच्या तासाचे काम. दुसरा आक्षेप इंटरनेटच्या भरवशाचा. तिथली माहिती चुकते, एका गावाचा फोटो दुसऱ्याच्या नावावर लागतो. पण चूक पकडायला दोन्ही गावे नीट पाहावी लागतात, आणि चूक का आहे हे इंग्रजीत सांगणे हा सगळ्यात चांगला सराव. राहिला मोबाइलचा प्रश्न. प्रत्येक मुलाच्या हातात फोन नकोच. शिक्षकाचा एक पुरतो.

एक गोष्ट मात्र या पट्ट्यालाच साधेल. चाकण, भोसरी, निगडीच्या वर्गांत मराठवाडा-विदर्भातून आणि पार उत्तरेतून आलेल्या कामगारांची मुले बसतात. पिंपरी नावाची गावे महाराष्ट्रात जागोजाग आहेत. आपली पिंपरीही जुन्या नावाने पिंपरी वाघेरे. गावाकडच्या पिंपरीची शहराच्या पिंपरीशी तुलना करायला सांगितली, की त्या मुलाजवळ अशी माहिती असते जी शिक्षकाकडेही नसते. पुढची पायरी हवी असेल, तर मोशी आहे. पुणे–नाशिक महामार्गावरच्या, इंद्रायणीकाठच्या मोशीला नकाशावर आणखी एक जोडीदार सापडतो, टांझानियात, 5,895 मीटर उंचीच्या किलिमांजारोच्या पायथ्याशी. तिथल्या स्वाहिली भाषेत ‘मोशी’ म्हणजे धूर. आपल्या मोशीच्या कचरा डेपोशेजारी वाढलेल्या मुलांना हा अर्थ सांगून बघा, आणि मग त्यांना इंग्रजीत काय बोलायचे आहे ते ऐका.