वैद्यकाचे पहिले नोबेल आणि वगळलेले कितासातो

वैद्यकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक १९०१ साली एमिल फॉन बेहरिंग यांना मिळाले. जपानचे शिबासाबुरो कितासातो यांचे नाव त्या वर्षीच्या नामांकनांत होते, पारितोषिकात नव्हते. हा विषय निघाला की एक ठरलेले उत्तर तोंडावर फेकले जाते : गौरव मुख्यतः घटसर्पावरील उपचाराचा होता आणि कितासातोंचे काम धनुर्वातावरचे. झाले, प्रश्न मिटला!

खरोखर मिटला काय?

धनुर्वाताचा जंतू निर्भेळ मिळणे महाकठीण होते. जखमेच्या पुवात इतर जंतूंची गर्दी असे. बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांच्या हाताखाली काम करणाऱ्या कितासातोंनी ते मिश्रण ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले. इतर जंतू मेले, धनुर्वाताचे चिवट बीजाणू तगले. प्राणवायू त्यांना मानवत नाही, म्हणून हायड्रोजनच्या वातावरणात त्यांनी ते वाढवले. हे वर्ष १८८९.

४ डिसेंबर १८९० रोजी बेहरिंग आणि कितासातो यांचा संयुक्त निबंध प्रसिद्ध झाला. धनुर्वाताला प्रतिकारक्षम केलेल्या सशाचे रक्त उंदरांना टोचले, मग त्याच रोगाचे जंतू टोचले; उंदीर जगले. ते रक्त न मिळालेले उंदीर मेले. शीर्षकात दोन्ही रोग आहेत, पुरावा मात्र मुख्यतः धनुर्वाताचा. घटसर्पावरचा निबंध बेहरिंग यांनी एकट्याच्या नावे आठवड्याने छापला. म्हणजे ज्या तत्त्वावर घटसर्पाचा उपचार उभा राहिला, त्याची सिद्धता कितासातोंच्या जंतूवर झाली होती.

‘तेव्हा पारितोषिक विभागून देत नसत’ ही सबब तर त्याहून तकलादू. त्याच १९०१ साली शांततेचे नोबेल हेन्री ड्युनांट आणि फ्रेडरिक पासी यांना विभागूनच दिले गेले.

वंशद्वेषाचा आरोप मी करणार नाही. त्याला वेगळा पुरावा लागतो. शिवाय कितासातोंच्या भक्तांनी हाँगकाँगही विसरू नये. १८९४ च्या तेथील प्लेगमध्ये (हीच साथ दोन वर्षांनी मुंबईत शिरली) त्यांनी अलेक्झांडर येर्सिन यांच्या काही दिवस आधी जंतू पाहिल्याचे जाहीर केले. परंतु त्यांचे वर्णन संदिग्ध राहिले. नमुन्यांत अन्य जंतूंची भेसळ झाली असावी. येर्सिन यांचे वर्णन अचूक होते. जंतूला पुढे त्यांचे नाव मिळाले, ते योग्यच.

पण मग पुराव्याचा हा निकष बर्लिनच्या कामालाही लावा. १८९० चा तो निबंध अवघ्या दोन पानांचा आहे. कितासातोंना बेहरिंग यांचे ‘सहायक’ म्हणण्यापूर्वी त्याच्या लेखकांची नावे तरी पाहावीत.