शीटचा हिशेब मागा

भोसरी, वाळूज, अंबड, शिरोली... आज कुठल्याही औद्योगिक वसाहतीत फायबर लेझरवर शीट कापून देणारे जॉबवर्कवाले सापडतात. मशीन घेऊन ते अर्धा दिवस बंद ठेवण्यापेक्षा कटिंग बाहेर दिलेले बरे, हे लहान कारखानदाराला पटवावे लागत नाही. प्रश्न आहे तो जॉबवर्कवाल्याच्या निवडीचा, आणि त्यात आता कार्बनचा मुद्दाही आला आहे. युरोपीय संघाची कार्बन सीमा-आकारणी 1 जानेवारी 2026 पासून प्रत्यक्ष लागू झाली. पोलाद आणि ॲल्युमिनियम तिच्या कक्षेत आहेत. निर्यातदार ग्राहक उत्सर्जनाची विचारणा खाली आपल्यापर्यंत आणतात, आणि जॉबवर्कवाला छतावरचे सोलर पॅनेल दाखवतो.

पॅनेल चांगलेच. कार्बन डायऑक्साइड लेझर सोडून फायबर लेझर घेतला तर वीजही बरीच वाचते. पण खरा भार विजेत नाही, पत्र्यात आहे. 1250 बाय 2500, 3 मिलिमीटर जाडीची माइल्ड स्टीलची शीट सुमारे 74 किलो भरते. भारतात एक टन पोलादामागे सरासरी अडीच टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. नेस्टिंग, म्हणजे शीटवर पार्टची मांडणी, सुधारून त्या शीटचा वापर 10 टक्क्यांनी वाढला, तर सुमारे 7.4 किलो पोलाद आणि जवळपास 18 किलो उत्सर्जन वाचते. ग्रिडच्या विजेत मोजले तर हे उत्सर्जन सुमारे 25 युनिटांइतके झाले. ती शीट कापायला सहसा याहून बरीच कमी वीज लागते.

पार्ट कापून उरलेली पत्र्याची जाळी भंगारात जाते, वाया जात नाही, असे उत्तर मिळेल. ते अर्धेच खरे आहे. जालन्याच्या भट्टीत गेलेला पत्रा बहुधा सळी होऊन बाहेर येतो, त्यासाठी पुन्हा वीज जळते आणि शीटच्या भावाने घेतलेला माल आपण भंगाराच्या भावाने विकलेला असतो.

म्हणून जॉबवर्कवाल्याला चार गोष्टी विचारा. प्रत्येक लॉटमागे शीटचा किती टक्के वापर झाला, हे लेखी देणार का? एकाच ग्रेड-जाडीचे वेगवेगळ्या ग्राहकांचे पार्ट एका शीटवर बसवता का? उरलेले तुकडे हीट नंबरसह जपून पुढच्या कामाला वापरता का? नायट्रोजन जिथे खरोखर हवा तिथेच वापरता, की कॉम्प्रेस्ड एअरवर भागेल तिथेही?

दर ठरवण्याची पद्धतही तपासा. फक्त कटिंगच्या मीटरवर पैसे मोजले आणि शीट आपली असली, तर पत्रा वाचवण्यात समोरच्याला काहीच रस उरत नाही. वाचलेल्या मालात त्याचा वाटा ठेवा. जीएसटी कायद्याच्या कलम 143 नुसार नोंदणीकृत जॉबवर्कर कर भरून भंगार परस्पर विकू शकतो. त्याचे पैसे कोणाचे, हे ऑर्डरमध्येच लिहा.

आणि थोडे आपल्याकडेही पाहा. आज 20 नग, परवा 15 नग अशी तुटक मागणी, एकाच उत्पादनात 2, 2.5 आणि 3 मिलिमीटरचे पार्ट, शीटच्या मापाचा विचार न करता काढलेले ड्रॉइंग: असे काम आल्यावर कुशल नेस्टिंगवालाही हतबल होतो. जाड्या कमी करा, महिन्याची मागणी एकत्र द्या आणि ड्रॉइंग पक्के होण्याआधी डीएक्सएफ फाइल त्याला दाखवा. पुढच्या परचेस ऑर्डरमध्ये दर आणि तारखेशेजारी 'शीट वापर टक्के' हा रकाना घाला. ग्राहकाला कार्बनचा आकडा द्यायची वेळ येईल, तेव्हा त्याची सुरुवात याच नोंदीपासून करावी लागेल.