बळीराजा आभाळाकडे बघत नाही!

या शनिवारी कोडिंगवर काही नाही. अप्रेझल, नोकरी-स्विच, हिंजवडीचं ट्रॅफिक यांनाही सुट्टी. आज जरा भांडायचंय.

माझी एक मावसबहीण वर्ध्याला पत्रकारिता शिकते. मागच्या आठवड्यात तिने पाच लेख पाठवले, एक तिचा आणि चार वर्गातल्या पोरापोरींचे. सगळ्यांना 'फीचर' लिहून आणायला सांगितलेलं. सोबत निरोप, "दादा, तू ब्लॉग लिहितो ना, जरा बघ. इंटरेस्टिंग कसं करायचं सांग."

बघितलं. पाचांपैकी तीन लेखांत बळीराजा बांधावर बसून आभाळाकडे डोळे लावून बघतोय. चौथ्यात बापूंच्या पावन पदस्पर्शाने पुनीत झालेली भूमी आहे. पाचव्यात बोरचा वाघ डौलदार चालतो, आणि शेवटी आपण निसर्गाकडून शिकायला हवं असं काहीतरी. बांधावर बसलेल्या त्या तीन माणसांपैकी एकालाही नाव नाही, गाव नाही, किती एकर ते नाही, कापूस की सोयाबीन तेही नाही. आभाळ मात्र तिन्ही लेखांत भरपूर!

पोरं हुशार आहेत, त्यांच्यावर राग नाही. राग आहे तो लेखांसोबत आलेल्या दोन पानी झेरॉक्सवर. त्यात लिहिलंय की सुरुवात वाचकाला खिळवून ठेवणारी हवी, भाषा चित्रदर्शी हवी, मानवी भावनांना हात घालावा, आणि शेवट मनाला चटका लावणारा करावा. दोन्ही पानांवर कुठेही 'जाऊन बघा' असं नाही. 'मोजा' नाही, 'विचारा' नाही. आमच्या धंद्यात असं कुणी केलं तर त्याला म्हणतात, लॉगिन पेज चकाचक आणि मागे डेटाबेसच नाही. क्लायंटला डेमो दाखवायला ठीक, पण पहिल्या युजरने बटन दाबलं की खेळ खलास.

माझं म्हणणं सरळ आहे. फीचर म्हणजे बातमीला दिलेली फोडणी नव्हे. बातमीपेक्षा जास्त माहिती गोळा करावी लागते तेव्हा कुठे फीचर होतं. आणि 'इंटरेस्टिंग' हे विशेषणांतून येत नाही, ते त्या माहितीतच असतं. आमच्या जिल्ह्यात तर ते रस्त्यावर पडलेलं असतं, वाकून उचलायचं फक्त.

उदाहरण देतो. कापसाच्या हंगामात हिंगणघाटला किंवा कुठल्याही सीसीआय खरेदी केंद्रावर जाऊन उभे राहा. ट्रॅक्टर, पिकअप, छोटा हत्ती यांची रांग. कापूस भरलेला माणूस आभाळाकडे अजिबात बघत नाहीये. तो बघतोय ग्रेडरच्या हातातल्या आर्द्रता मोजायच्या मीटरकडे. 2025-26च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता क्विंटलला 8,110 रुपये. पण तो पूर्ण मिळणार कधी, तर ओलावा 8 टक्क्यांपर्यंत असेल तेव्हा. त्यावर प्रत्येक टक्क्याला भाव एक टक्का खाली. 12 टक्के भरले की 7,785 रुपये 60 पैसे. आणि 12च्याही वर गेला तर सीसीआय घेतच नाही, मग खाजगी व्यापारी म्हणेल तो भाव.

आता बसा हिशेब करत. 8 आणि 12मधला फरक क्विंटलला 324 रुपये 40 पैसे. वीस क्विंटल कापूस असेल तर 6,488 रुपये. हे ठरतं कशावर? कापूस कधी वेचला, दव किती होतं, वाळवायला जागा होती का, घरात ढीग किती दिवस पडला, मीटर ढिगात वरच्यावर खुपसलं की खोल, यावर. इथे आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मला तर कुठल्याही कादंबरीपेक्षा भारी वाटते. वेचणारी बाई किलोवर पैसे घेते. सकाळी दवात भिजलेला कापूस जड भरतो, म्हणजे हिशेब तिच्या बाजूने. मालकाला तोच कापूस केंद्रावर मारतो. एकाच ओलाव्याचे दोन भाव, एकाच वावरात, दोघेही गरजू! यात खलनायक शोधायला गेलात तर सापडणार नाही. मग लिहा ना यावर. इथे कुणाच्या डोळ्यात पाणी आणायची गरज पडते का सांगा.

बरं, त्याच हंगामात सीसीआयने 'कपास किसान' नावाचं ॲप आणलं. नोंदणी त्यावर, स्लॉट त्यावर. मी ॲप बनवणाऱ्यांच्या जातीतला, त्यामुळे मला पहिला प्रश्न हा पडतो की साठीच्या माणसाच्या बटनाच्या फोनवर हे कसं चाललं? रांगेत कोण कुणाचा फोन घेऊन उभं होतं? गावातलं कुठलं पोरगं सगळ्यांचे स्लॉट बुक करून देत होतं? ते पोरगं म्हणजे अख्खं फीचर आहे. आणि ऑगस्ट 2025मध्ये केंद्राने कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क वर्षअखेरपर्यंत काढलं, तेव्हा वर्ध्यातल्या जिनिंगवाल्याने काय केलं, हे विचारायला दिल्लीला जावं लागत नाही. जिनिंगच्या फाटकापर्यंत गेलं तरी पुरतं.

'पावन भूमी'चंही तेच. गांधीजी 1936 साली ज्या गावात राहायला आले त्याचं नाव सेगाव. विदर्भातच गजानन महाराजांचं शेगाव. टपालवाल्यांचा घोळ व्हायचा, सेगावची पत्रं शेगावला जायची. म्हणून 1940 साली नाव बदलून सेवाग्राम झालं. सांगा, 'पुनीत झालेली भूमी' मजेदार की चुकीच्या गावाला गेलेली गांधीजींची पत्रं मजेदार? बाय द वे, गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई वर्ध्याच्या मगनवाडीत राहायचे आणि बराच काळ रोज चालत सेगावला जाऊन परत यायचे. वर्ध्याच्या उन्हात! आणि वर 'हरिजन' साप्ताहिकासाठी लिहायचे. विद्यार्थी पत्रकाराला आज तिथे ऑटोने जायला कितीसा वेळ लागतो?

वाघाचा लेख मी सोडूनच देतो. फक्त एवढंच, बोर 2014 साली व्याघ्र प्रकल्प झाला. लेखात वाघ आहे, जिप्सी आहे, सूर्योदय आहे. पण जंगलाला लागून शेत असलेला, रानडुकरांपायी रात्रभर मचाणावर जागल करणारा माणूस नाही. सेलू तालुक्यात जाऊन आलेल्या माणसाला तो दिसला नाही म्हणजे कमालच आहे.

हे सगळं मला इतकं का झोंबतं? कारण मी स्वतः एकदा फीचरचा 'विषय' होऊन बसलोय. नोकरी लागली तेव्हा एका विद्यार्थी पत्रकाराने फोनवर दहा मिनिटं बोलून माझ्यावर लेख लिहिला. छापून आला तेव्हा कळलं की मी रस्त्याच्या दिव्याखाली अभ्यास केला होता! आमच्या घरी तेव्हा इन्व्हर्टर होता हो. आई 'काबाडकष्ट' करत होती आणि बाबा 'गरीब शेतकरी' झाले होते. बाबांनी जिनिंगमध्ये वीस वर्षं हिशेबनिसाचं काम केलं, त्यावर घर चाललं, माझी इंजिनिअरिंगची फी भरली. त्या वीस वर्षांची एक ओळ नाही. बाबा काही बोलले नाहीत, पेपर घडी करून ठेवला आणि दोन दिवस कोणाला दाखवला नाही. लेख मात्र गावात सगळ्यांना फार आवडला. 'डोळ्यात पाणी आलं' म्हणे!

एवढ्यावर निभावलं, कारण आमचं नुकसान काहीच नव्हतं. पण हाच साचा घेऊन लोक आत्महत्या झालेल्या घरात जातात. वर्धा त्या सहा जिल्ह्यांपैकी एक, ज्यांच्यासाठी 2006 साली पंतप्रधानांचं पॅकेज आलं. त्या काळात अशा घरांतल्या बायकांनी किती पाहुण्यांना तीच उत्तरं दिली असतील आणि किती वेळा फोटोसाठी त्याच भिंतीशी बसल्या असतील याची कल्पनाच करवत नाही. ज्यांनी तेव्हा खरं काम केलं ते पी. साईनाथ बघा. 'द हिंदू'त त्यांनी विदर्भावर जे लिहिलं त्याची ताकद रडण्यात नाहीये, सरकारी तक्त्याच्या रकान्यांत आहे. आत्महत्या 'पात्र' की 'अपात्र'? ज्या बाईच्या नावावर जमीन नाही ती शेतकरी नाही, म्हणून तिचा मृत्यू शेतकऱ्याचा मृत्यू नाही. बापाच्या नावावर सातबारा असेल तर शेत कसणारा पोरगाही शेतकरी नाही. ते वाचताना अंगावर येतो तो रकाना. तो शोधायला तहसील कचेरीत बसावं लागतं, कागद मागावे लागतात. चित्रदर्शी भाषेने तो सापडत नाही.

मराठीत दुसरं नाव अनिल अवचटांचं. डॉक्टर माणूस. निपाणीच्या तंबाखूच्या वखारींतल्या बायका, हमाल, असल्या लोकांकडे जाऊन बसायचा, विचारत राहायचा आणि शाळकरी मुलाला कळेल अशा वाक्यांत लिहायचा. किती वेळ काम, किती पैसे, धूळ नाकात जाते म्हणजे काय होतं. व्यसनांवरचं त्यांचं लिखाण वाचून पु.ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदत देऊ केली आणि 1986 साली पुण्यात मुक्तांगण सुरू झालं. एका फीचरवाल्याच्या लेखनातून व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं, मंडळी! त्यात मनाला चटका लावायचा शेवट शोधत बसले असते तर झालं असतं का हे?

आता चॅटजीपीटी. (म्हटलं ना, कोडिंगवर काही नाही, पण हे राहवत नाही.) त्या पाचांपैकी दोन लेख मशीनने लिहिलेत अशी मला दाट शंका आहे, आणि गंमत म्हणजे उरलेल्या तीन लेखांपेक्षा ते वेगळे वाटत नाहीत. कसे वाटतील? हे मॉडेल आधीच्या शब्दांवरून पुढचा बहुधा कुठला शब्द येईल ते ठरवत जातं. 'बळीराजा' लिहिलं की 'आभाळ' येणारच, लाखो लेखांत तसंच लिहून ठेवलंय आपण. म्हणजे दोन पानी झेरॉक्स वाचून माणूस जे करतो तेच यंत्र करतं, आणि चार सेकंदांत करतं. तेवढंच शिकवायचं असेल तर कोर्सची फी कशाला घेता? यंत्राला हिंगणघाटच्या रांगेत उभं राहता येत नाही. विद्यार्थ्याला येतं. तिथेच त्याला पाठवायचं सोडून वर्गात बसवून विशेषणं कसली शिकवताय?

यावर नेहमीचं उत्तर मला माहितीये. बसभाड्याला पैसे नसतात, सबमिशनला चार दिवस असतात, आणि आठशे शब्दांत एवढं सगळं मावत नाही. पैसे आणि वेळेचं पटतं. मग केंद्र नको, बसस्टँडवरचा रसवंतीवाला घ्या. बर्फाची लादी केवढ्याला, दिवसाला ऊस किती मोळ्या, पाऊस लागला की तो काय करतो. चार दिवसांत आरामात होतं. शब्दमर्यादेचं मात्र अजिबात पटत नाही, कारण त्या लेखांत पहिले दोनशे शब्द आभाळातच गेलेत. आणि 'पारी' नावाचं ग्रामीण भारतावरचं संकेतस्थळ, साईनाथांनीच 2014 साली सुरू केलेलं, विद्यार्थ्यांचं काम छापतं, मराठीतही असतं. त्यावर जाऊन बघा, पोरं काय काय मोजून आणतात ते.

आणखी एक आक्षेप मास्तर मंडळींचा, की वाचकाला आकडे रुक्ष वाटतात. कुठल्या वाचकाला? आमच्या गावाकडे हंगामात रोज सकाळी कापसाचा भाव व्हॉट्सॲपवर फिरतो. आर्वी इतका, हिंगणघाट इतका, देवळी इतका. लोक दात घासायच्या आधी तो उघडतात, पुढे ढकलतात, टपरीवर त्यावरून भांडतात. त्यात विशेषण एकही नसतं.