दुष्काळाचा कर्ता कोण?

धम्मबंधू-भगिनींनो,

गावाकडून निरोप येतो, ‘यंदाही पावसाने दगा दिला.’ आपण हळहळतो, थोडे पैसे धाडतो आणि ‘निसर्गापुढे कोणाचे चालते’ असे म्हणून स्वस्थ बसतो. हा निव्वळ दैववाद आहे! दैव आणि पूर्वसंचित झुगारूनच १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आपल्या समाजाने धम्माचा मार्ग धरला. दुःखाला कारण असते हे मानणाऱ्याने दुष्काळाचेही कारण विचारले पाहिजे.

मराठवाड्याला पावसाची तूट नवी नाही. तिला मिळालेले उष्णतेचे बळ नवे आहे. मुख्यतः कोळसा व खनिज तेल जाळल्यामुळे २०११ ते २०२० या दशकात पृथ्वीचे तापमान १८५०-१९०० च्या तुलनेत सुमारे १.१ अंश सेल्सिअसने वाढलेले होते. तापलेली हवा मातीतला ओलावा अधिक शोषते. ओलावा संपला की बाष्पीभवनात खर्च होणारी उन्हाची शक्ती थेट हवेलाच तापवते, आणि ती हवा उरलीसुरली ओलही ओढून घेते. दुष्काळ उष्णतेला पोसतो, उष्णता दुष्काळाला! अशी जोडसंकटे वाढण्यामागे मानवाचा हात असल्याचा निर्वाळा संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक समितीने २०२१ साली दिला.

परंतु हा तडाखा सर्वांना सारखाच बसतो, हे धादांत असत्य आहे. २०१६ साली तहानलेल्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्याच मराठवाड्यात उसाला मात्र वर्षानुवर्षे पाणी मिळत आले. पीक करपले तर सातबारा असणाऱ्याला विमा आणि नुकसानभरपाई मागता येते. ज्याच्या नावावर वीतभर जमीन नाही, त्याची बुडालेली मजुरी कोणत्या पंचनाम्यात लिहिली जाते? पीक गेले की त्याची चूल विझते, आणि काम मिळालेच तर ते भर उन्हात! आपल्या समाजाचा फार मोठा हिस्सा याच भूमिहीनांत मोडतो. ज्यांच्यासाठी कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह उभारले, त्यांचीच ही लेकरे आज होरपळत आहेत.

आणि आपण? इथे अमेरिकेत माणशी दरवर्षी सुमारे १४ टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडला जातो. भारतात सुमारे २ टन. आपल्या दारातल्या दोन-दोन मोटारी आणि बारमाही गार-उबदार राहणारी घरे यांचा हिशेब गावाकडची वस्ती चुकती करीत आहे. हे कटू आहे. पण बाबासाहेबांच्या अनुयायाने सत्यापासून तोंड फिरवू नये.

१९२७ साली महाडला आपल्या वाडवडिलांनी पाण्याचे दान मागितले नव्हते. हक्क बजावला होता. म्हणून केवळ देणगी पाठवून मोकळे होऊ नका. मजुराच्या बुडालेल्या रोजाला भरपाई, गायरान कसणाऱ्याला सातबारा, वस्तीला बारमाही पाणी आणि भर दुपारी कामाला सक्तीची सुट्टी, या मागण्यांसाठी लढणाऱ्या गावाकडच्या कार्यकर्त्यांना बळ द्या. येथे ज्यांना मताधिकार मिळाला आहे, त्यांनी कोळसा-तेलाच्या धोरणाचा जाब उमेदवारांना विचारावा. जगाचा दाह वाढवून घरात मैत्रीसूत्र म्हणत बसणे, हा धम्म नव्हे!

जयभीम! नमो बुद्धाय!